लग्नाच्या धंद्यात आहात? मग ब्लॉगवर नुसते फोटो ओतणं थांबवा

वेडिंग फोटोग्राफर, डेकोरेटर, मेकअप आर्टिस्ट, प्लॅनर, हॉलवाले, कुणाचीही वेबसाइट उघडा, ब्लॉगच्या पानावर हमखास एकच प्रकार दिसतो. वर दोघांची नावं, मध्ये बदामाचं चिन्ह, खाली 'खूप सुंदर सोहळा झाला, दोघांना खूप शुभेच्छा' अशा दोन ओळी आणि मग ऐंशी-नव्वद फोटो. फोटो छानच असतात, त्याबद्दल वादच नाही. पण हे पान शोधत येणार कोण? त्या दोघांचे नातेवाईक, झालंच तर मित्रमंडळी. अनोळखी जोडप्याचं नाव गूगलवर टाकून बघायला कुणाला वेळ आहे?

आता जरा समोरच्याच्या जागी बसून बघा. ज्याचं लग्न ठरलंय तो बहुतेक वेळा हे सगळं पहिल्यांदाच करत असतो, त्याला फोटोग्राफरला काय विचारायचं तेच माहीत नसतं, ॲडव्हान्स परत मिळतो का माहीत नसतं, मेकअपची ट्रायल कधी घ्यायची माहीत नसतं, आणि घरातले चार जण चार दिशेला ओढत असतात. मग तो रात्री मोबाइल घेऊन हे सगळं गूगलला विचारतो, आणि सकाळी तेच तुम्हाला व्हॉट्सॲपवर विचारतो. म्हणजे तुमच्या ब्लॉगचे विषय तुमच्याच चॅटमध्ये पडून आहेत, ते शोधायला कुठल्या महागड्या टूलची गरज नाही.

विषय कसे काढायचे

मागच्या सीझनच्या सगळ्या चौकश्या उघडा. चॅट, मेल, इन्स्टाचे डीएम, सगळं. प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरवून काढा आणि हो, त्यांच्याच शब्दांत उतरवा. लोक 'डिलिव्हरी टाइमलाइन काय' असं विचारत नाहीत, 'फोटो किती दिवसांत मिळतील' असं विचारतात, आणि शोधतानाही तेच टाइप करतात. तुमच्या टायटलमध्ये तेच शब्द असले पाहिजेत.

मग एकेक प्रश्न गूगलमध्ये अर्धवट टाइप करून बघा, खाली ज्या सूचना येतात त्या खऱ्या लोकांनी शोधलेल्या गोष्टींवरूनच येतात. रिझल्टच्या मध्ये इतर लोक काय विचारतात त्याचा एक चौकोन येतो, तोही चाळा. एवढ्यात विषयांचा ढीग लागतो.

फोटोग्राफर असाल तर: दुसरा फोटोग्राफर खरंच लागतो का, रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातले एडिट न केलेले मूळ फोटो) का देत नाही, पाऊस आला तर आउटडोअर शूटचं काय. डेकोरेटर असाल तर खरी फुलं घ्यायची की आर्टिफिशियल, सेटअपला किती तास आधी हॉल ताब्यात हवा. हॉलवाल्यांकडे तर खजिना असतो, बसून किती पाहुणे मावतात आणि उभ्याने किती, बाहेरचा डेकोरेटर चालतो का, लाइट गेली तर जनरेटरवर काय काय चालतं, म्युझिक किती वाजेपर्यंत. एका प्रश्नाला एक पोस्ट. सगळं एकाच लेखात कोंबलं की तो लेख कुणाच्याच प्रश्नाचं धड उत्तर राहत नाही.

आणि पैशांचा विषय. जवळजवळ सगळे हा टाळतात आणि लोक नेमका हाच शोधत असतात! 'दर जाणून घेण्यासाठी संपर्क करा' हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. आकडा द्यायला जड जात असेल तर ठीक आहे, निदान दर कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो ते तरी लिहा: किती तास, किती माणसं, प्रवास, अल्बम घेणार की नाही, मोक्याची तारीख आहे की आठवड्याच्या मधला वार. तुमचं काम सुरू कितीपासून होतं हे सांगितलंत तर अजून चांगलं, कारण ज्यांना परवडणारच नाही ते फोन करून तुमचा अर्धा तास घेणार नाहीत. माझ्या मते लग्नाच्या धंद्यातल्या कुठल्याही वेबसाइटवर पहिली पोस्ट हीच असायला हवी.

झालेल्या लग्नावर लिहायचं असेल तर

लिहाच, पण त्यात गोष्ट हवी. गोष्ट म्हणजे प्रेमकहाणी नाही हो, कामाची गोष्ट. त्या दिवशी अडचण काय होती? स्टेजच्या मागे मोठी खिडकी होती आणि दुपारचा उजेड थेट कॅमेऱ्यात येत होता? कार्यक्रम तासभर लांबला आणि सूर्यास्ताचे फोटो हुकायची वेळ आली? हॉलचं छत इतकं खाली होतं की ठरलेलं झुंबर बसेना? मग तुम्ही काय केलंत, ते लिहा. वाचणाऱ्याला त्यातून कळतं की ऐनवेळी काही बिनसलं तर हा माणूस हातपाय गाळणार नाही, आणि बुकिंग करताना सगळ्यात मोठी भीती तीच असते.

टायटलमध्ये जोडप्याच्या नावाऐवजी जागेचं नाव आणि लग्नाचा प्रकार टाका. कारण कसंय, बहुतेक लोक आधी हॉल बुक करतात आणि मग त्याच हॉलचं नाव टाकून तिथले फोटो शोधत बसतात, स्टेज कसं दिसतं, डेकोरेशन कसं उठून दिसतं वगैरे. त्या वेळी तुमचं पान समोर आलं तर अर्धं काम झालं, कारण तारीख पक्की, जागा पक्की, फक्त माणूस ठरायचाय असा ग्राहक आहे तो.

याच्या पुढची पायरी म्हणजे त्या जागेवरच एक अख्खी पोस्ट. तुम्ही तिथे काम केलंय तर तुम्हाला अशा गोष्टी माहीत असतात ज्या हॉलच्या माहितीपत्रकात कधीच नसतात: मेकअप रूममध्ये खिडकी आहे का, प्लग पॉइंट किती, संध्याकाळी उजेड कुठल्या बाजूने येतो, सामानाचा टेम्पो कुठपर्यंत जातो, पार्किंगपासून आजी-आजोबांना किती पायऱ्या चढाव्या लागतात. हे सगळं लिहा, वाइट गोष्टीही सभ्य शब्दांत लिहा आणि त्यावर उपाय सांगा. अशी पोस्ट प्लॅनर लोक एकमेकांना पाठवतात, कधीकधी हॉलवालेच आपल्या साइटवरून तिची लिंक देतात, आणि बाहेरच्या साइटवरून आलेली खरी लिंक गूगलच्या नजरेत वजनदार असते. लिंका विकत घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही.

त्या लग्नात ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांची नावं आणि लिंका पोस्टच्या शेवटी द्या, आणि पोस्ट लाइव्ह झाली की त्यांना कळवा. बरेच जण शेअर करतात.

परवानगीचं तेवढं बघा. करारात कलम असलं तरी पोस्ट करायच्या आधी एकदा मेसेज टाकून विचारा, लोकांची मनं बदलतात. लहान मुलांच्या क्लोजअपला आईबापांचा होकार हवा. आमंत्रणपत्रिकेच्या फोटोत घरचा पत्ता आणि फोन नंबर दिसतो हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, आणि मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये लोकेशनही दडलेलं असू शकतं, एक्सपोर्ट करताना ते काढून टाका. डेकोरेटर आणि मेकअपवाल्यांनो, फोटोग्राफरने काढलेले फोटो तुमचे नसतात, काम तुमचं असलं तरी! त्याला विचारून, त्याचं नाव देऊनच वापरा, आणि हक्क कुणाकडे आहेत ते करारात बघून घ्या.

फोटो आणि स्पीड

इथे सगळ्यात जास्त साइट्स मार खातात. कॅमेऱ्यातून आलेला फोटो जसाच्या तसा चढवला की पान मोबाइलवर उघडेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. लांब बाजू साधारण २००० पिक्सेल पुरे, फॉरमॅट वेबपी, म्हणजे वेबसाठीचा हलका फोटो प्रकार, ठेवा (साइट बनवायच्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरमध्ये २०२१ च्या ५.८ व्हर्जनपासून तो थेट चालतो), आणि एका पोस्टमध्ये पंचवीस-तीस फोटोंच्या वर जाऊ नका, बाकीचे गॅलरीत ठेवा. पानावरचा मुख्य फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे असा गूगलचा निकष आहे, गूगलच्याच पेजस्पीड इन्साइट्सवर फुकट तपासता येतं. तपासताना मोबाइलचा आकडा बघा, डेस्कटॉपचा हिरवा आकडा बघून खूश होऊ नका, गूगल आता साइटचं मोबाइल रूपच वाचतो.

फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं डीएससी वगैरे ठेवू नका, फोटोत काय आहे ते लिहा. ऑल्ट टेक्स्टही (फोटोसोबत भरायचं वर्णन) तसंच, न दिसणाऱ्या माणसाला फोन वाचून दाखवेल तेव्हा फोटो समजला पाहिजे असं एक साधं वाक्य. तिथे दहा कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, कोंबायचे नाहीत. (पानाच्या कोडमध्ये कीवर्डचा वेगळा मेटा टॅग भरून द्यायचे पैसे कुणी मागत असेल तर सरळ नाही म्हणा, तो टॅग आपण वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय.)

कधी आणि किती

पोस्ट टाकली आणि आठवड्यात फोन खणखणले असं होत नाही, पी हळद अन् हो गोरी हा प्रकार इथे चालत नाही. नव्या साइटला महिनोन् महिने लागतात. त्यात लोक लग्नाची तयारी बरीच आधी सुरू करतात, त्यामुळे सीझनचा विषय सीझनमध्ये लिहिलात तर ते वरातीमागून घोडं. गूगल ट्रेंड्सवर तुमच्या कामाचा शब्द टाका, वर्षात शोध कधी वाढतो ते दिसतं, त्याच्या चार-सहा महिने आधी लिहून मोकळे व्हा. पानाच्या लिंकमध्ये वर्ष घालू नका म्हणजे दरवर्षी तेच पान सुधारून वापरता येतं.

महिन्याला एक पोस्ट, पण कामाची, एवढं जमलं तरी भरपूर. एआयकडून 'लग्नाच्या तयारीच्या १० टिप्स' लिहून घ्यायचा मोह होतो, कळतं मला. गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलंय की मजकूर कसा बनला यापेक्षा त्याचा दर्जा महत्त्वाचा, म्हणजे एआय वापरलं म्हणून लगेच शिक्षा नाही. पण त्या दहा टिप्स आधीच हजार साइटवर आहेत ना. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी दर्जा तपासण्याच्या निकषांत प्रत्यक्ष अनुभवाची भर घातली, आणि त्या हॉलच्या मेकअप रूममध्ये प्लग किती हे एआयला कुठून माहीत असणार? भाषा नीट करायला वापरा, माहिती तुमची ठेवा.

गूगल मनावर घेईपर्यंत काय करायचं? पोस्ट स्वतःच वापरायची. पुढच्या वेळी कुणी 'रॉ फाइल्स मिळतील का' विचारलं की दोन ओळींत उत्तर द्या आणि खाली लिंक टाका. ब्लॉग पहिल्या दिवसापासून कामाला लागतो तो असा, आणि समोरचा ती लिंक घरच्या ग्रुपवर टाकतो तो फायदा वेगळाच.

त्याच पोस्टमधून इन्स्टाला एक रील आणि एक कॅरोसेल (सरकवत बघायचे अनेक फोटो) काढा. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, तेव्हा बायोत किंवा स्टोरीत द्या. पिंटरेस्टवर उभे फोटो टाका, दोनास तीन प्रमाणात, १००० बाय १५००, प्रत्येक पिन पोस्टला जोडून. तिथे लोक लग्नाच्या कल्पना साठवायलाच येतात आणि जुनी पिनही बराच काळ फिरत राहते.

शेवटी हिशोब. तुमची साइट गूगलवर कुठल्या शब्दांना किती वेळा दिसते ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, आजच जोडा, कारण जोडल्यानंतरच आकडे साठायला लागतात आणि मग मागचे १६ महिने बघता येतात. त्यात महिन्यातून एकदा दोनच गोष्टी बघा. जिथे पान खूप वेळा दिसतंय पण क्लिक नाहीत तिथे टायटल बदला, महत्त्वाचे शब्द पुढे आणा कारण मागचे कापले जातात. आणि जे पान आठ ते पंधरा नंबरवर घुटमळतंय त्यात ज्या शब्दांनी लोक येतायत त्यांची उत्तरं वाढवा, नव्या पोस्टपेक्षा हे काम लवकर फळतं. चौकशीच्या फॉर्मवर 'आमच्याबद्दल कुठे कळलं' ही एक रिकामी ओळ ठेवा, ड्रॉपडाउन नको, कारण ड्रॉपडाउनमध्ये लोक पहिला पर्याय दाबून मोकळे होतात आणि रिकाम्या ओळीत 'तुमचं ते पावसावरचं वाचलं' असं लिहितात.