धोट्याला घरात रुळवताना

कापड विणायच्या मागावरचा धोटा बघितलाय? या काठावरून त्या काठावर, दम खात नाही. सोलापुरात अशोक चौकाकडच्या एका कारखान्याच्या दारातलं कुत्रं आम्ही घरी आणलं, तर पहिल्याच संध्याकाळी ते हॉल ते परसदार असं पळत सुटलं. बायकोनं लगेच नाव ठेवलं, धोट्या. गावठी, तांबूस, दीडेक वर्षाचा.

मला वाटलं, दमवलं की गप बसेल. रोज पहाटे कंबर तलावावर पाऊण तास पळवलं. शेजारचा पोरगा म्हणायचा, "ओ मामा, कुत्रं तुम्हाला फिरवायलंय की!" तीन आठवड्यांत धोट्याचा दम वाढला, माझा गुडघा गेला, आणि घरातल्या चपला खाणं तसंच चालू. रोज जास्त पळवलं की कुत्र्याला जास्त पळायची ताकद येते, एवढंच.

मग उलटं केलं. पळणं कमी, हुंगणं जास्त. फिरायला नेलं की खांब, गटाराची कड, चहाच्या गाडीचं चाक, जिथं नाक घालेल तिथं उभं राहायचं. ओढायचं नाही. आणि घरात टॉवेलचा खेळ. सोलापुरात जुना टॉवेल नाही असं घर सापडणार नाही. तो जमिनीवर पसरा, कडक भाकरीचे बोटभर तुकडे टाका, सैल गुंडाळा. पहिल्या दिवशी कड उघडी ठेवा, नाहीतर ते चिडून टॉवेलच फाडतं. जमलं की घडी घाला, मग सैल गाठ. धोट्या नाक खुपसून फुर्रफुर्र करत दहा मिनिटं गुंततो आणि मग फरशीवर अंग टाकतो. तलावाच्या चार फेऱ्यांनी जे झालं नाही ते अर्ध्या भाकरीत.

भाकरी कोरीच हवी. शेंगाचटणी लावाल तर त्यात लसूण असतो. कांदा-लसूण, चॉकलेट आणि विशेषतः द्राक्षं-बेदाणे कुत्र्याला देऊ नका. बेदाण्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

दुसरी गोष्ट झोप. मोठं कुत्रंही दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं, पण नवीन घरात त्याला डोळा मिटायची भीती वाटते. सोफ्यामागं जुनी चादर टाकून एक कोपरा द्या आणि तिथं कुणी हात लावायचा नाही हा नियम घरातल्या पोरांना आधी शिकवा. पहिला आठवडा पाहुणे नकोत. अंगावर उड्या मारतो? पाठ फिरवा. चारी पाय जमिनीला लागले की लाड.

सगळ्यात मोठी धास्ती दाराची. आमच्याकडं रात्री पाणी आलं, मी पाइप ओढायला गेट उघडं टाकलं आणि हा पसार. दोन तासांनी मिळाला. तेव्हापासून पहिले तीन महिने गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, साखळी दोन्हीत अडकवलेली. जानेवारीत गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचं, शोभेचं दारूकाम असतं, त्या संध्याकाळी लवकर फिरवून आणा आणि खिडक्या लावून पंखा, टीव्ही चालू ठेवा. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत आणि रात्री जेवणानंतरच बाहेर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर परत फिरा.

रेबीजची लस, जंताचं औषध, नसबंदी हे डॉक्टर सांगतीलच. मी सांगतो ते गोचिडाचं. दुसऱ्या महिन्यात धोट्या एकदम शांत झाला. "रुळला बघा," असं मी चार जणांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरीकडं बघितलं नाही. हिरड्या पांढुरक्या, अंगात ताप. रक्त तपासलं, गोचीड ताप निघाला. उड्या मारणारं कुत्रं अचानक शहाणं झालं तर आधी कानामागं आणि पायाच्या बोटांत गोचीड शोधा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या.

औषधं चालू झाल्यावर आठवड्यानं माझी नवी चप्पल गायब झाली. पलंगाखाली अर्धी सापडली. बायकोनं देवापुढं साखर ठेवली.