'एकच', 'एक तरी' की 'ही एक'? दोन अपत्यांच्या कोड्यावरचं भांडण कसं सोडवायचं

आमची साइट सुरू होऊन चार महिने झाले होते, जेमतेम चाळीस खाती होती, आणि मी आणि माझा भागीदार दोन दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. भांडण पैशावरून नव्हतं. ते यावरून होतं:

'एका बाईला दोन अपत्यं आहेत. त्यातली एक मुलगी आहे. तर तिला एक मुलगा आणि एक मुलगी असण्याची शक्यता किती?'

तो म्हणाला, निम्मी. मी म्हणाले, दोन तृतीयांश. मी फळ्यावर चार घरं काढून दाखवली, त्याने ती पुसून त्याच जागी दोन घरं काढली. मग आवाज चढले. सर्व्हर बंद पडल्यावरसुद्धा आम्ही इतके कधी तापलो नव्हतो. यात आम्ही एकटे नाही, एवढंच काय ते समाधान. 2008 मध्ये जोएल स्पोल्स्कीबरोबर स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साइट उभी करणाऱ्या जेफ ॲटवुडनेही हेच कोडं प्रोग्रॅमर मंडळींपुढे टाकलं होतं, आणि तिथेही अशीच जुंपली.

नंतर बऱ्याच जणांच्या भांडणात मी पंच म्हणून बसले. त्यातून जी रीत बसली ती सांगते.

पहिलं काम: कोडं तोंडी सांगू नका, कागदावर लिहा. आणि 'मुलं' हा शब्द टाळा. 'दोन मुलं आहेत, त्यातली एक मुलगी' असं म्हटलं की ऐकणारा तिथेच अडखळतो, कारण 'मुलं' म्हणजे मुलगेही आणि मुलगे-मुली मिळूनही. 'अपत्यं' हा शब्द फॉर्म भरल्यासारखा वाटतो, वाटू द्या.

मग 'एक मुलगी आहे' या तीन शब्दांवर बोट ठेवा आणि दोन्ही पक्षांना विचारा, यातल्या 'एक'चा अर्थ काय घेतलात? 'एकच' मुलगी? तसं असेल तर कोडंच उरत नाही, दुसरा मुलगाच. 'एक तरी' मुलगी? की समोर उभी असलेली 'ही एक' मुलगी? मराठीत 'च', 'तरी' आणि 'ही' असे तीन छोटे शब्द हाताशी असताना आपण कोडं सांगताना नेमके तेच गाळतो. निम्मी भांडणं इथेच मिटतात. उरलेल्यांसाठी नाणी काढा.

दोन नाणी घ्या, पण वेगवेगळ्या आकाराची, एक मोठं आणि एक लहान. हे महत्त्वाचं आहे. मोठं नाणं म्हणजे थोरलं अपत्य, लहान म्हणजे धाकटं. छापा म्हणजे मुलगी, काटा म्हणजे मुलगा. सारखी नाणी घेतली की 'एक छापा, एक काटा' हा एकच प्रकार आहे असं डोळ्यांना वाटतं आणि माणूस तीन शक्यता मोजून मोकळा होतो: दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक. वेगळी नाणी असली की मोठ्यावर छापा-लहानावर काटा आणि मोठ्यावर काटा-लहानावर छापा हे दोन निराळे निकाल आहेत हे आपोआप दिसतं. या जातीच्या चुकीला हसू नका. दालांबेर हा अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती. नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा पडण्याची शक्यता किती, याचं उत्तर त्याने 1754 मध्ये विश्वकोशात दोन तृतीयांश असं दिलं. पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ संपला, म्हणून त्याने तीनच शक्यता धरल्या, आणि त्या तिन्ही सारख्याच वजनाच्या मानल्या. बरोबर उत्तर आहे तीन चतुर्थांश.

आता पहिला खेळ. एकाने दोन्ही नाणी पेल्यात हलवून उपडी घालायची, आपल्यापुरतं डोकावून बघायचं. एक तरी छापा असेल तर 'एक तरी छापा आहे' म्हणायचं. दोन्ही काटे असतील तर न बोलता पुन्हा हलवायचं. समोरच्याने प्रत्येक वेळी 'दुसरा काटा' अशी पैज लावायची. आम्ही चाळीस वेळा पेला उपडा केला: दोन्ही छापे 9, एक-एक 21, दोन्ही काटे 10. दहा बाद झाले, उरले तीस, त्यातल्या 21 वेळा पैज जिंकली. दोन तृतीयांशाच्या आसपास. मी खूश.

दुसरा खेळ. नाणी तशीच हलवायची, पण उचलणाऱ्याने डोळे मिटून एक नाणं बाहेर सरकवायचं. त्यावर छापा असेल तर वहीत लिहायचं आणि दुसरं उघडायचं. काटा निघाला तर तो डाव बाद. पुन्हा चाळीस. 19 वेळा छापा सरकून आला, त्यातल्या 10 वेळा दुसऱ्या नाण्यावर काटा होता. निम्मे. आता तो खूश.

इथे घाई करू नका. दुसऱ्या खेळात बाद झालेल्या डावांकडे परत जा आणि त्यातलं न सरकवलेलं नाणंही उघडून बघायला लावा. अनेक डावांत तिथे छापा बसलेला असतो. म्हणजे त्या जोडीत 'एक तरी छापा' होता, पण सरकून आला काटा, म्हणून आपण ती जोडी टाकून दिली. दोन्ही छापे असलेली जोडी या चाळणीतून कधीच गळत नाही, कारण कुठलंही नाणं सरकवा, छापाच येणार. एक-एकवाली जोडी मात्र निम्म्या वेळा गळते. एक-एकच्या जोड्या मुळात दुप्पट असतात, त्यातल्या अर्ध्या गळाल्या की दोन्ही बाजू सारख्या होतात. माझ्या भागीदाराने इथे पेला खाली ठेवला आणि बराच वेळ वहीकडे बघत बसला. मीही. तोवर मला वाटत होतं की त्याला गणित कळत नाही.

तेव्हा पंचाने विचारायचा प्रश्न हा: 'एक मुलगी आहे, हे तुला कळलं कसं?' बाईला कोणी विचारलं, 'तुम्हाला एक तरी मुलगी आहे का?' आणि ती 'हो' म्हणाली, तर दोन तृतीयांश. ती रस्त्यात एका अपत्याला घेऊन जाताना दिसली, दोघांपैकी कुठलंही सोबत असू शकलं असतं, आणि ती मुलगी निघाली, तर निम्मी. गणिती कोड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मार्टिन गार्डनरने 1959 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात हे कोडं दिलं, आणि माहिती कशी मिळाली हे न सांगता उत्तर पक्कं करता येत नाही, हे पुढे त्याने स्वतःच मान्य केलं. गार्डनरला मागे घ्यावं लागलं तिथे आपण ताणून धरण्यात अर्थ नाही.

मंडळी रंगात आली असतील तर तीन दारांचं कोडं येतंच, त्याचीही तयारी ठेवा. एका दारामागे गाडी, दोनांमागे शेळ्या. तुम्ही दार निवडता, गाडी कुठे आहे हे माहीत असलेला सूत्रसंचालक दुसरं एक उघडून शेळी दाखवतो, मग विचारतो, बदलणार? संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विनने ते 1975 मध्ये मांडलं होतं, पण गाजलं ते सप्टेंबर 1990 मध्ये, मर्लिन व्हॉस सावंत यांनी 'परेड' या अमेरिकी साप्ताहिकातल्या आपल्या सदरात 'बदला' असं उत्तर दिल्यावर. सुमारे दहा हजार पत्रं आली, कित्येक पीएचडीवाल्यांची, आणि बहुतेकांचं म्हणणं बाई चुकल्या. बाई बरोबर होत्या.

हे तीन पत्त्यांवर पटवायला जाऊ नका, दहा घ्या. एक एक्का, नऊ भरतीचे. समोरच्याने एक पत्ता उपडाच निवडायचा. तुम्ही उरलेले नऊ स्वतः बघून त्यातले आठ भरतीचे उलटायचे. आता बदलणार का, असं विचारलं की तिसऱ्या-चौथ्या डावाला माणूस न बोलता बदलायला लागतो. दहात नऊ वेळा एक्का तिथेच असतो. मग तोच खेळ न बघता खेळा: आठ पत्ते आंधळेपणाने उलटा. बहुतेक डावांत एक्काच उघडा पडतो आणि डाव बाद होतो. जे थोडे डाव टिकतात त्यांत बदलून काही फायदा नाही, निम्मं-निम्मं. उघडलेले पत्ते दिसायला तेच आहेत. फरक पडला तो उलटणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं, यामुळे.

संगणक अगदी शेवटी काढा. पॉल एर्डोशसारख्या गणितीलाही तीन दारांचं उत्तर पटेना, संगणकावर डाव खेळवून दाखवल्यावर तो नमला, हे खरं. पण प्रोग्रॅम तुमचंच गृहीतक तुम्हाला परत ऐकवतो. आम्ही दोघांनी त्या रागाच्या भरात दहा-दहा ओळी लिहिल्या होत्या. माझं उत्तर 0.667, त्याचं 0.5, आणि दोघांनी आपापला आकडा स्क्रीनवर मोठा करून ठेवला. शेजारी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा फरक एका ओळीचा निघाला. माझी ओळ: दोघांत एकही मुलगी नसेल तर सोडून दे. त्याची: दोघांतलं एक उचल, ती मुलगी नसेल तर सोडून दे. नाण्यांआधी हे केलं असतं तर आम्ही ती ओळ वाचलीच नसती, फक्त आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकले असते.

याचा धंद्याशी काय संबंध, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. आमची साइट छोट्या व्यावसायिकांसाठी भेटीच्या वेळा सांभाळायची. प्रत्येक खात्यावर दोन पासवर्ड, एक मालकाचा, एक मदतनिसाचा. साइटचा दर खात्यामागे लावायचा की माणसामागे, हे ठरवायला हवं होतं, म्हणून किती ठिकाणी एकटाच माणूस साइट वापरतो ते दोघांनी वेगवेगळं काढलं. माझं 61 टक्के आलं, त्याचं 44. पुन्हा तेच! मी खात्यांची यादी घेतली होती: चाळीसपैकी 12 ठिकाणी दोघेही वापरतात, 19 ठिकाणी एकच, 9 ठिकाणी कोणीच नाही. चालू खाती 31, त्यात 19. त्याने लॉगिन करणाऱ्या माणसांची यादी घेतली होती: 43 माणसं, त्यातली 19 एकटी. दोघे वापरतात ते खातं त्याच्या यादीत दोनदा येत होतं. या वेळी आवाज चढले नाहीत. त्याने नुसतं 'पेला' म्हटलं.

बिल खात्याच्या नावाने जाणार होतं, म्हणून दरासाठी 61 धरला आणि दर खात्यामागेच ठेवला. पण स्क्रीनवर 'तुमच्या सहकाऱ्याने ही वेळ बदलली' ही सूचना किती जणांच्या कामाची, यासाठी 44 चाच आकडा बरोबर होता. एकटे 19 वगळले की 43 पैकी 24 जणांना ती लागणार होती.

एक इशारा. हे सगळं मिटलं की कोणीतरी मंगळवार घेऊन येतो. गॅरी फोशीने 2010 मध्ये गार्डनरच्या चाहत्यांच्या मेळाव्यात सोडलेलं हे पिल्लू: दोन अपत्यांपैकी एक तरी मंगळवारी जन्मलेला मुलगा आहे, तर दोन्ही मुलगे असण्याची शक्यता किती? उत्तर 13/27. वार कळल्याने काय फरक पडतो, म्हणून लोक पुन्हा उसळतात. त्यांच्याशी बोलू नका, आलेखाचा कागद द्या. आडवी चौदा घरं, उभी चौदा, सात वारांचे मुलगे आणि सात वारांच्या मुली, आणि जिथे जिथे मंगळवारचा मुलगा येतो तिथे रंगवायला सांगा. माझा भागीदार एका सकाळी हेच घेऊन आला. रंगवून झाल्यावर म्हणाला, घरं अठ्ठावीस आहेत, सत्तावीस नाहीत. मी पेन्सिलीने आडवी आणि उभी पट्टी जिथे एकमेकींना छेदतात त्या घरावर टिचकी मारली. ते त्याने दोनदा मोजलं होतं.