जर्मन पूर्वज शोधताय? या चुका टाळा, आधी गाव शोधा

माझ्या नवऱ्याचं घराणं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचं. त्याचे खापरपणजोबा 1860 च्या दशकात जर्मनीतून आले, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. सासऱ्यांची फार इच्छा होती की मूळ गाव कळावं, म्हणून मी शोधायला बसले आणि पहिले आठ महिने चुकीच्या माणसामागे गेले.

सगळ्यात मोठी चूक तीच, थेट जर्मनीत उडी मारणं. आडनाव शुल्झ, ऑनलाइन एका फॅमिली ट्रीमध्ये त्याच नावाचा आणि जवळपास त्याच वयाचा माणूस दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये दिसला, मी आनंदाने सगळं उतरवून घेतलं. पण आपल्याकडे नुसतं 'पाटील' म्हणून कुणी सापडतो का, पहिला प्रश्न 'गाव कुठलं' हाच असतो ना, तिथेही अगदी तसंच आहे कारण नोंदी गावच्या चर्चमध्ये असायच्या. आणि गावाचं नाव बहुतेकदा अमेरिकेतच मिळतं.

जनगणनेत मात्र मिळत नाही. 1870 च्या जनगणनेत आमच्या माणसापुढे फक्त 'प्रशिया' आहे, 1900 मध्ये 'जर्मनी'. जर्मन साम्राज्यच 1871 ला झालं, त्याआधी प्रशिया, बव्हेरिया, बाडेन अशी वेगवेगळी राज्यं होती, आणि प्रशिया तर ऱ्हाईनपासून रशियाच्या सीमेपर्यंत पसरलेलं, त्यामुळे 'प्रशिया' वाचून काहीच कळत नाही. आम्हाला गाव मिळालं ते त्यांच्या विस्कॉन्सिनमधल्या लुथरन चर्चच्या दफन नोंदीत. पाद्री जर्मन, त्याला गावं माहीत, त्याने गावाचं नाव लिहून पुढे 'नाउगार्डजवळ' असंही लिहिलं होतं. म्हणजे प्रशियाचा पोमेरेनिया प्रांत! व्युर्टेम्बर्ग पार दुसऱ्या टोकाला. म्हणून चर्चच्या नोंदी, थडग्यावरचा मजकूर, तिथल्या जर्मन वर्तमानपत्रातला मृत्युलेख हे आधी बघा, आणि फक्त त्याचंच नाही तर भावंडांचं, शेजाऱ्यांचंही बघा, कारण एका गावची माणसं बरेचदा एकत्रच यायची.

न्यूयॉर्कचं एलिस आयलंड म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी करणारं केंद्र, तिथे शोधत बसू नका, ते 1892 ला सुरू झालं. त्याआधी न्यूयॉर्कला 1855 पासून कॅसल गार्डन होतं, शिवाय बाल्टिमोर आणि न्यू ऑर्लिन्सलाही जहाजं लागायची. आणि तिथे अधिकाऱ्यांनी आडनाव बदललं ही गोष्ट घरोघरी सांगतात ती खरी नाही, अधिकारी जहाजाच्या यादीवरूनच काम करायचे. म्युलरचं मिलर लोकांनीच नंतर हळूहळू केलं. निघतानाच्या याद्या हॅम्बुर्गच्या 1850 पासून आहेत, ब्रेमेनच्या मात्र जागा नाही म्हणून नष्ट केल्या गेल्या, त्यामुळे माणूस हॅम्बुर्गच्या यादीत नाही म्हणजे तो आलाच नाही असं समजू नका.

नावांमध्ये तर मी फार अडकले. एकाच घरात योहान गेओर्ग, योहान पीटर, योहान आडाम, तिघंही योहान! रोज हाक मारायचं नाव बहुतेक वेळा दुसरं असायचं, म्हणून अमेरिकेतला पीटर तिकडे योहान म्हणून सापडू शकतो. आणि एखादं मूल गेलं की तेच नाव पुढच्या बाळाला द्यायचे, त्यामुळे जन्माची नोंद सापडली की मृत्यूच्या नोंदीही तपासा, नाहीतर दोन वर्षांच्या मुलाला आपला पूर्वज समजाल.

लिपीचं म्हणाल तर आपल्या मोडीसारखंच, शिकल्याशिवाय वाचता येत नाही. कुरेन्ट म्हणतात तिला. तिच्यातला 'ई' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो आणि 'यू'वर एक छोटी वक्र रेघ असते, ती नसेल तर 'यू' आणि 'एन' ओळखणं मुश्किल, मी गावाचं नाव तीन वेळा चुकीचं वाचलं. झ्युटरलिन नावाची लिपी शिकू नका, ती 1915 मध्ये प्रशियाच्या शाळांत आलेली, 1840 चा पाद्री तशी सुबक अक्षरं काढत नाही. पाद्रीनेच लिहिलेल्या दुसऱ्या नोंदी शेजारी ठेवून अक्षरं जुळवा.

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी प्रशियात ऑक्टोबर 1874 पासून, बाकी जर्मनीत 1876 पासून. त्याआधीचं चर्चच्या पुस्तकातच बघायचं (ऱ्हाईनच्या पश्चिमेला तेव्हाच्या फ्रेंच राजवटीमुळे 1798 पासूनही मिळतं).

आणि गाव मिळालं तरी आजच्या जर्मनीच्या नकाशात शोधू नका. पोमेरेनिया, सायलेशियाचा बराच भाग 1945 नंतर पोलंडमध्ये गेला, नाउगार्डचं आता नोवोगार्ट झालंय. मायर्सच्या 1912-13 च्या गॅझेटियरमध्ये (जर्मन साम्राज्यातल्या गावांच्या सूचीत) जुनं नाव टाका, जिल्हा कोणता ते कळतं, मग पोलिश नाव शोधा आणि त्याच नावाने पोलंडमधल्या श्चेचिन शहरातल्या अर्काइव्हमध्ये बघा. त्या भागातली बरीच पुस्तकं युद्धात गेली, त्यामुळे नसेल तर शेजारच्या गावांचीही तपासा.