जुना बिडाचा तवा कसा निवडावा, कसा मुरवावा

भंगारात किंवा जुन्या बाजारात तवा दिसला की आधी तो बिडाचाच, म्हणजे ओतीव लोखंडाचाच आहे ना, ते पाहा. बिडाचा तवा जाड आणि जड असतो, पाठीवर ओतकामातल्या वाळूचा खरखरीतपणा दिसतो. गंजाला घाबरू नका, तो काढता येतो. तडा मात्र भरून येत नाही. तवा कानाला धरून अधांतरी ठेवा आणि चमच्याने वाजवा. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द वाजला तर सोडून द्या. फरशीवर ठेवल्यावर डुलणाऱ्या तव्यावर घावण्याचं पीठ एकीकडे ओघळतं. कढई घेताना तिच्यात पूर्वी काय वितळवत होते तेही विचारा. शिसं वितळवलेलं भांडं कितीही घासलं तरी स्वयंपाकाला वापरू नये.

गंज काढायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात तवा अर्धा तास बुडवा, मग तारेच्या घासणीने घासा. गंज उरला तर पुन्हा बुडवा, पण रात्रभर ठेवू नका. गंज संपला की आम्ल लोखंडच खायला लागतं. जुन्या तेलाची जाड खपली व्हिनेगरला दाद देत नाही. तिच्यासाठी प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर गार पाणी घेऊन त्यात २५० ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडाथोडा घाला. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. तवा दोन-तीन दिवस राहू द्या. खपली जाळायला तो निखाऱ्यांत टाकतात, ते टाळा: बीड ठिसूळ असतं, एकसारखं तापलं नाही तर तडकतं.

साबणाने धुऊन लगेच आचेवर कोरडा करा, नाहीतर थोड्याच वेळात तांबूस गंज चढतो.

आता मुरवणं, म्हणजे तेलाचा पातळ थर तापवून तव्यावर पक्का बसवणं. सगळं बिघडतं ते तेल जास्त झाल्याने. तवा कोमट असताना १० इंची तव्याला अर्धा चहाचा चमचा रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल पुढून, मागून, कानांना चोळा. मग कोरड्या सुती फडक्याने, जणू तेल चुकून सांडलंय, असं सगळं पुसून काढा. उरतो तेवढाच थर हवा. ओव्हन असेल तर २३० अंशांवर तवा पालथा ठेवून १ तास तापवा आणि आतच गार होऊ द्या. असं तीन-चारदा करा. गॅसवर मध्यम आचेवर फिरवत, धूर येऊन थांबेपर्यंत तापवा. हे पाच-सहा वेळा करावं लागेल. खिडक्या उघड्या ठेवा. उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कडक थर बनतो. थर जाड असला तर आतून अर्धवट राहतो आणि तवा चिकट होतो. तसं झालं तर तेल न लावता आणखी तासभर तापवा. जवसाच्या तेलाची खूप शिफारस होते, पण त्याचा थर कालथ्याने पोपडे होऊन निघतो.

पहिले काही दिवस थालीपीठ, धिरडी असे तेल मागणारे पदार्थ करा. घावणे घाईने घातले तर चिकटणारच. आणि घालाल तेव्हा दर घावण्याआधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा. चिंच, कोकम, टोमॅटो शिजवू नका, आंबटाने थर सुटतो. तापलेला तवा नळाखाली धरू नका. बरेच दिवस ठेवायचा असेल तर धुऊन, आचेवर सुकवून, तेलाचा पुसट हात फिरवा आणि कागदात गुंडाळा. तेल जास्त राहिलं तर ते खवट होतं.