सॅव्हानातील श्लेष्मकवकांच्या विविधतेची पाहणी कशी करावी

उष्ण कटिबंधातील सॅव्हाना, म्हणजे गवताळ प्रदेश, वर्षातील कित्येक महिने कोरडा असतो, त्यात झाडे विरळ असतात आणि वणवा ठरावीक काळाने येतच राहतो. दाट जंगलात कुजलेले ओंडके उलथून पाहिले की श्लेष्मकवके (स्लाइम मोल्ड, म्हणजे बुरशीसारखे दिसणारे पण बुरशी नसलेले जीव) हाती लागतात. इथे मात्र ओंडके मुळातच कमी आणि जे असतात त्यांतले बरेचसे वाळवीने पोखरलेले किंवा जळालेले असतात. म्हणून केवळ डोळ्यांना दिसले तेवढे गोळा करून यादी केली, तर तिच्यात अधिवासापेक्षा त्या आठवड्यातील पावसाचेच प्रतिबिंब अधिक पडते. पाहणीचा मुख्य भार वाळका पाला, साल आणि लेंड्या गोळा करून त्या आर्द्र कक्षात, म्हणजे झाकलेल्या ओलसर डिशमध्ये, ठेवण्यावर द्यावा. जिवंत झाडांच्या सालीवरील श्लेष्मकवके या पद्धतीने मिळवता येतात, हे गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले होते आणि आजही कोरड्या प्रदेशांतील पाहण्या तिच्यावरच उभ्या आहेत.

जागा निवडताना झाडांची घनता, जमिनीचा प्रकार आणि शेवटचा वणवा कधी येऊन गेला, या तीन गोष्टी आधी नोंदवाव्यात. प्रत्येक जागेतून चार प्रकारचे नमुने समान संख्येने घ्यावेत: उभ्या झाडाची बाहेरची मृत साल, जमिनीवरचा पालापाचोळा, जमिनीला न टेकलेला मृत भाग आणि तृणभक्षी प्राण्यांच्या जुन्या, वाळलेल्या लेंड्या किंवा शेण. यांपैकी तिसऱ्या प्रकाराकडे नवख्यांचे हमखास दुर्लक्ष होते. गवताच्या ठोंबात उभीच वाळलेली पाती, फांदीवर अडकून राहिलेली पाने, सुकून लोंबणाऱ्या वेली यांच्यावर वाऱ्याने आलेली बीजुके (स्पोअर) साठतात. हा भाग पावसानंतर लवकर सुकतो आणि त्यामुळे तिथे जमिनीवरच्या पाल्यापेक्षा वेगळ्या जाती आढळू शकतात. शेणावर तर केलेरोमिक्सा फिमिकोलासारखी खास त्याच माध्यमाला जुळवून घेतलेली जात मिळण्याची शक्यता असते. (लेंड्या ताज्या दिसत असतील तर प्राणीही जवळच असणार, हे भान गोळा करणाऱ्याने ठेवलेले बरे.) नमुने कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडून साध्या बुरशीचेच रान माजते. पूर्ण वाळवलेले नमुने पुष्कळ काळ टिकत असल्यामुळे गोळा करण्याचे काम कोरड्या ऋतूत करता येते; प्रत्यक्ष शोधफेरी मात्र पाऊस स्थिरावल्यावर आणि पुन्हा पाऊस ओसरताना, अशी दोनदा करावी.

आर्द्र कक्षासाठी नऊ सेंटिमीटरची पेट्री डिश पुरते. तळाशी फिल्टर पेपर घालून त्यावर नमुन्याचे तुकडे एकमेकांवर न चढवता पसरावेत, सालीची बाहेरची बाजू वर ठेवावी, तुकडे बुडतील इतके ऊर्ध्वपातित पाणी ओतावे आणि चोवीस तास तसेच राहू द्यावे. त्यानंतर पीएच मोजून उरलेले पाणी ओतून टाकावे. पीएच मोजण्याचा कंटाळा करू नये, कारण सालीची आम्लता कोणत्या जाती उगवतील यावर मोठा परिणाम करते आणि एकाच जागेतील दोन झाडांमधला फरक पुष्कळदा तिथेच सापडतो. डिश थेट उन्हात न ठेवता मंद उजेडात, २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्यात.

पहिली तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच करावी. एकिनोस्टेलियम मिन्युटम ही जात जेमतेम अर्धा मिलिमीटर उंचीची असते: केसाहून बारीक देठ आणि त्यावर पांढरट किंवा फिकट गुलाबी ठिपका. ती लवकर उगवते, लवकर विरते आणि आठवडाभराने पाहणाऱ्याला तिचा मागमूसही लागत नाही. लायसिया या प्रजातीचे बीजुककोश (बीजुकांनी भरलेले सूक्ष्म कोश) सालीच्या भेगेत काळ्या-तपकिरी कणांसारखे चिकटून बसतात. उजेड बाजूने, तिरपा टाकल्याशिवाय ते धुळीच्या कणांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. त्यामुळे स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली डिश एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने सरकवत पाहावी. पुढे दर आठवड्याला, सुमारे बारा आठवडे तपासणी चालू ठेवावी. प्लाझ्मोडियमची (श्लेष्मकवकाच्या सरपटत्या, चिकट अवस्थेची) जाळी दिसली पण बीजुककोश धरत नसतील, तर झाकण किंचित उघडून डिश सावकाश सुकू द्यावी. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

पक्व बीजुककोश त्यांच्या आधारासकट कापून, वाळवून, काड्यापेटीसारख्या छोट्या डबीत गोंदाने चिकटवावेत आणि डबीवर जागा, माध्यम, पीएच व तारीख लिहावी. कीटक आणि माइट संग्रह फस्त करतात, म्हणून डब्या काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवूनच संग्रहात घ्याव्यात. ओळख पटवताना आधी कोरडा नमुना पाहावा. फायझारम आणि बॅडहॅमिया या प्रजातींच्या बीजुककोशातील चुना हा ओळखीचा महत्त्वाचा आधार असतो, पण आम्लयुक्त द्रावणात तो विरघळून जातो. बीजुकांचा व्यास आणि त्यांच्या पृष्ठभागावरचे काटे किंवा जाळी मात्र संयुक्त सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावी लागते.

नोंदीचा नियम सुरुवातीलाच ठरवावा: एका डिशमधील एक जात म्हणजे एक नोंद, मग बीजुककोश तीन असोत वा तीनशे. काहीच न उगवलेल्या डिशही वहीत आल्याच पाहिजेत; त्यांच्याशिवाय कोणत्या माध्यमाचा उतारा किती, हे सांगता येत नाही. विपुलतेसाठी रूढ मोजपट्टी वापरावी: एकूण नोंदींच्या ३ टक्क्यांहून अधिक असेल तर विपुल, १.५ ते ३ टक्के असेल तर सामान्य, ०.५ ते १.५ टक्के असेल तर क्वचित आणि त्याहून कमी असेल तर दुर्मीळ. जाती-संचय वक्र (नमुने वाढत गेले तशा एकूण किती जाती मिळत गेल्या, याचा आलेख) प्रत्येक माध्यमासाठी वेगळा काढावा. सालीचा वक्र सपाट झाला आणि शेणाचा अजून चढताच असेल, तर पुढच्या खेपेला साल कमी करून शेणाचे नमुने वाढवावेत आणि दोन जागांची तुलना तोपर्यंत फक्त सालीपुरतीच करावी.