पिकअपसाठी बर्फाचे टायर की स्नो चेन? या चुका टाळा

"गाडी फोर बाय फोर आहे, मला कशाला हवंय ते सगळं?" बर्फात रुतलेल्या पिकअपशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. एकेकाळी मीही ते म्हटलंय. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी जागची हलते, चढही चढते, हे खरं. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. थांबताना आणि वळताना कामाला येतं ते टायरचं रबर. फोर बाय फोर गाडी सहज सुटते म्हणून आपण वेग घेतो, आणि रस्ता किती निसरडा आहे ते पहिल्या वळणावर कळतं.

टायर घ्यावेत की साखळ्या, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते हिवाळाभर थंडीत गाडी चालवायची असेल तर टायर, आणि एखादा घाट किंवा अडचणीचा टप्पा पार करायचा असेल तर साखळ्या. तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. म्हणजे बर्फ पडलेला नसतानाही फरक जाणवतो.

टायर घेताना पहिली फसगत होते ती अक्षरांवरून. कडेला 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) दिसलं की लोक निर्धास्त होतात. ही अक्षरं नुसत्या नक्षीच्या ठेवणीवर लावता येतात, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, असं चिन्ह शोधा. तो टायर बर्फावरच्या चाचणीतून गेलेला असतो. अर्थात काचेसारख्या घट्ट बर्फावर गाडी जागेवर थांबेल, अशी हमी तेही चिन्ह देत नाही.

दुसरी चूक काटकसरीची: मागे जोर जातो म्हणून फक्त मागचे दोन टायर बदलायचे. मग पुढची चाकं ना नीट वळत, ना नीट थांबत. चारही बदला. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, कारण पिकअप कधीतरी भरणारच. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या आसपास आली की बर्फावरची पकड बरीच उतरलेली असते. कायद्यात चालते म्हणून १.६ पर्यंत ओढू नका.

रिकामा हौदा हे पिकअपचं खास दुखणं. इंजिनाचा भार पुढे, मागे नुसता पत्रा, त्यामुळे मागची चाकं जागच्या जागी फिरतात. वाळूची पोती टाकतात ते बरोबरच, पण ती अगदी मागच्या फळक्याजवळ ढकलून ठेवली की पुढची चाकं हलकी होतात. पोती मागच्या एक्सलच्या वर ठेवा आणि पट्ट्याने आवळा. अडकलात तर त्यातलीच वाळू चाकाखाली टाकता येते.

साखळ्यांच्या बाबतीत माझी फजिती सांगतो. रात्रीची वेळ, हातमोजे भिजलेले, टॉर्च दातात धरलेला, आणि आतला हूक काही केल्या पोचेना. चार बोटं कमी! टायर मी मधल्या काळात मोठे टाकले होते आणि साखळी जुन्याच मापाची होती. तेव्हा माप आत्ता चाकावर असलेल्या टायरवरून वाचा, आणि घरी कोरड्या जमिनीवर एकदा चढवून बघा.

मापाइतकीच आतली जागा महत्त्वाची. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा आणि टायर, सस्पेन्शन, ब्रेकचा पाइप यांच्यामध्ये बोटं घालून बघा. कमी जागेच्या गाड्यांसाठीच्या 'क्लास एस' साखळीलाही टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या बाजूवर निदान ३७ आणि कडेला १५ मिलिमीटर मोकळी जागा लागते. साखळी पुढे चढवायची की मागे, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. काही मापांच्या टायरवर ती साफ मना असते. एकच जोडी असेल तर ती जोर जाणाऱ्या चाकांवर, पण फोर बाय फोरला पुस्तिका सांगेल तेच खरं. हवा कमी करून साखळी बसवायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका.

चढवल्यावर शंभरेक मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा. मडगार्डवर फटफट आवाज आला तर लगेच थांबा. कडी सुटलेली असते आणि ती ब्रेकचा पाइप सहज तोडते. वेग ताशी ५० किलोमीटरच्या खाली, किंवा साखळीच्या खोक्यावर लिहिलेला, जो कमी असेल तो. चाकं फिरतायत पण गाडी हलत नाही, अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की त्याचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा) थोडा वेळ बंद करून हळू पाय द्या. जोरात रेस केली तर गाडी खोल रुतते, वर साखळी तुटते. बर्फ नसलेला काळा रस्ता लागला की साखळ्या काढा.

घरी आल्यावर त्या धुऊन टांगून ठेवा. रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्यात भिजलेली साखळी तशीच पिशवीत कोंबली तर पुढच्या हिवाळ्यात पिशवीतून गंजाचा एकच गोळा निघतो.