मॉरिशसला पुस्तकं न्यायची तर

आमच्या भजनी मंडळातले आठजण मॉरिशसला जायचे ठरले तेव्हा वाडीत पहिला प्रश्न आला, "तिथल्या आपल्या माणसांना काय न्यायचं?" रत्नागिरीत हा प्रश्न पडणं साहजिक आहे. 1834 पासून करारावर उसाच्या मळ्यांत राबायला जे लोक हिंदुस्थानातून तिकडे गेले, त्यांतले मराठी बरेचसे आपल्या कोकणातले. त्यांची नातवंडं-पतवंडं आता घरात क्रिओल ही तिथली भाषा बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. म्हणून आम्ही मुलांची पुस्तकं न्यायची ठरवली. मी 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. आतापर्यंत दोनदा केलं. पहिल्या खेपेला कुठे चुकलं ते आधी सांगते.

मी सगळ्यांना "जमेल ते द्या" म्हटलं. लोकांनी मनापासून दिलं. पडवी भरली: जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, अर्ध्या लिहिलेल्या वह्या, दिवाळी अंक, दोन शालूसुद्धा. नेण्याजोगं त्यात पाव हिस्साही नव्हतं, आणि उरलेलं परत करताना माणसं दुखावली. तेव्हा आधी तिथल्या शिक्षकांना विचारा, मग इथे हात पसरा. दुसऱ्या खेपेला मी तिथल्या बाईंशी फोनवर बोलले. त्यांनी नेमकं सांगितलं: मोठ्या टायपाची, चित्रांची, पानावर चार-पाच ओळी असलेली पुस्तकं, बाराखडीचे तक्ते आणि जमल्यास लेझीम. मुलं देवनागरी वाचतात, पण अक्षराला अक्षर जोडत. सातवीतल्या मुलाला आपल्याकडचं दुसरीचं पुस्तक पुरतं. हे मला इथे बसून कधीच कळलं नसतं.

मागायची वेळ गणपतीच्या महिनाभर आधीची. चाकरमानी मुंबईहून येताना पुस्तकं घेऊन येतात. तिथे दुकानंही जवळ आणि त्यांची मुलंही मोठी झालेली असतात. चिठ्ठीत तीनच गोष्टी लिहा: काय हवं, किती हवं, कधीपर्यंत हवं. कोणी पैसे दिले तर त्याच आठवड्यात पुस्तकं आणा आणि पावती देणाऱ्याच्या हातात द्या.

आता पावसाळ्याचं. आपल्याकडे श्रावणात कपाटातल्या पुस्तकालाही बुरशी धरते. आलेलं प्रत्येक पुस्तक उघडून वास घ्या. कुबट वास आला किंवा पानांना कसरीची बारीक भोकं दिसली तर ते बाजूला ठेवा, बाकीच्यांना लागू देऊ नका. चांगली पुस्तकं ऊन पडेल तेव्हा सावलीत, पंख्याखाली उभी करून वाळवा. थेट उन्हात पुठ्ठा वाकतो.

पुस्तकांत कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड घालायची आपली सवय आहे. घरी ठेवताना खुशाल घाला, पण बॅग भरताना पान न् पान झटका. रोपं, बिया, झाडपाला न्यायला मॉरिशसमध्ये आधी परवाना काढावा लागतो. शेजारच्या आजींनी त्यांचा हरिपाठ दिला होता. चाळताना मधे बेलाचं पान निघालं, तिन्ही दळं अखंड, वाळून तपकिरी झालेलं, आणि त्याच्या शिरांचा ठसा समोरच्या अभंगावर उमटलेला. पान काढून मी त्यांना परत नेऊन दिलं. त्यांनी ते दुसऱ्या पोथीत ठेवलं. ठसा मात्र मॉरिशसला गेला.

वजनात सगळ्यांची फसगत होते. बत्तीस पानी बारा-तेरा पुस्तकं म्हणजे एक किलो. आमच्या तिकिटावर माणशी 23 किलोची एक बॅग होती. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा. प्रत्येकाने 8 किलो पुस्तकांना द्यायचे असं आम्ही आधीच ठरवलं, म्हणजे साधारण शंभर पुस्तकं. एकाच बॅगेत सगळी कोंबू नका. पुस्तकं तळाला आडवी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि वर कपडे. लेझीम आणि झांजा मोठ्या बॅगेतच घाला, हातातल्या बॅगेत नकोत. पखवाज आम्ही नेला नाही; कातड्याची वस्तू, आधी चौकशी केल्याशिवाय नेऊ नये.

एका बाबतीत मात्र कोणाची भीड धरू नका. "माझ्या भावाला एवढं पाकीट द्या" म्हणून कोणी शिवलेलं, चिकटवलेलं काही दिलं तर घेऊ नका, सख्ख्या जावेचं असलं तरी. विमानतळावर "बॅग तुम्ही स्वतः भरली का?" असं विचारतात आणि त्याचं उत्तर खरं असायला हवं. औषधंही दुसऱ्या कोणासाठी नेऊ नका. सुकं खोबरं विमानात चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. आमच्यातल्या एका काकूंना हे पटवायला अख्खी संध्याकाळ गेली.

शेवटचं काम कागदांचं. तिथल्या शाळेकडून इंग्रजीत पत्र मागवा: ही पुस्तकं भेट आहेत, विक्रीसाठी नाहीत. सोबत यादी करा, नग आणि अंदाजे किंमत लिहून, आणि प्रत्येकाच्या हातातल्या बॅगेत एकेक प्रत ठेवा. पुस्तकं देताना त्याच यादीवर तिथल्या बाईंची सही घ्या. परत आल्यावर ती यादी देवळाच्या फळ्यावर लावा, म्हणजे ज्याने दिलं त्याला आपलं पुस्तक पोचल्याचं दिसेल.